पाणथळ भूमिसंरक्षण व स्थानिक शासन

जी भूमी वर्षभर किंवा वर्षाचा काही काळ उथळ पाण्याखाली असते किंवा जिची मृदा पृष्ठभागापर्यंत पाण्याने संपृक्त राहते आणि त्यामुळे जीवर ओलाव्याशी जुळवून घेणाऱ्या वनस्पतीच प्रामुख्याने वाढतात, तिला पाणथळ भूमी म्हणतात. गोड्या व खाऱ्या पाण्याच्या दलदली, पीटयुक्त भूमी, झाडांनी आच्छादलेल्या पाणथळी, नदीकाठचे सखल पट्टे व हंगामी डबकी यांचा तीत समावेश होतो. अशा भूमीवर किंवा तिच्यालगत घरे, रस्ते, कारखाने इ. बांधण्यापूर्वी ती ओळखणे, तिची सीमा प्रत्यक्ष जागेवर आखणे आणि तिच्यातील फेरफारांवर अटी घालणे, यांसाठी नगरे, परगणे आदी स्थानिक शासनसंस्थांनी केलेल्या किंवा त्यांच्यामार्फत अंमलात येणाऱ्या नियमांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. या नियमांचा पद्धतशीर विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) व तेथेही प्रथम मॅसॅचूसेट्स राज्यात झाला. म्हणून त्या राज्याचा इतिहास येथे विस्ताराने दिला आहे.

या विषयाच्या मुळाशी एक पेच आहे. पाणथळ भूमी बहुधा खाजगी मालकीची असते. तिच्यात भराव घातल्याचा लाभ मालकाला मिळतो, परंतु तिने पूर्वी सामावून घेतलेले पाणी शेजाऱ्याच्या तळघरात किंवा प्रवाहाच्या खालच्या अंगाच्या गावात शिरते. विहिरींचे पाणी खालावणे, मासे व शिंपले यांची पैदास घटणे हे परिणामही मालकाच्या कुंपणाबाहेर घडतात. शिवाय ही भूमी डोंगर वा नदी यांच्याप्रमाणे नकाशावर एका रेषेने दाखविता येत नाही. तिची कड ऋतूनुसार व वर्षानुसार सरकते. त्यामुळे ‘पाणथळ कोठे संपते’ आणि ‘ते कोणी ठरवावयाचे’ हे दोन प्रश्न या नियमांच्या इतिहासात सतत पुढे येतात.

पार्श्वभूमी : न्यू इंग्लंडमध्ये वसाहत करणाऱ्या इंग्रजांना समुद्रकाठच्या खाऱ्या दलदली मौल्यवान वाटत, कारण जंगल न तोडता तेथे गुरांसाठी गवत मिळे. मॅसॅचूसेट्समधील १६४१–४७ च्या वटहुकमाने किनाऱ्याची मालकी ओहोटीच्या रेषेपर्यंत लगतच्या जमीनधारकाला देण्यात आली. मात्र मासेमारी, पाणपक्ष्यांची शिकार व नौकानयन हे जनतेचे हक्क राखून ठेवण्यात आले. खाजगी मालकी व सार्वजनिक हक्क यांची ही सांगड पुढील सर्व वादांना पार्श्वभूमी म्हणून उपयोगी पडली.

एकोणिसाव्या शतकात दृष्टी पालटली. दलदल म्हणजे रोगराईचे घर व वाया गेलेली जमीन, असा समज दृढ झाला. संघराज्याच्या काँग्रेसने १८४९, १८५० व १८६० मध्ये केलेल्या अधिनियमांन्वये सु. ६·५ कोटी एकर दलदली निचरा करून लागवडीखाली आणण्यासाठी १५ राज्यांच्या स्वाधीन करण्यात आल्या. बॉस्टन शहरात बॅक बे हा भरतीच्या पाण्याचा विस्तृत भाग १८५८ च्या सुमारास रेल्वेने आणलेल्या वाळूखडीने भरण्यास सुरुवात झाली व त्यावर शहराची प्रतिष्ठित वस्ती उभी राहिली. संघराज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने १९९० मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार सलग ४८ राज्यांच्या प्रदेशात १७८० च्या दशकात सु. २२·१ कोटी एकर पाणथळ भूमी होती. १९८० च्या दशकापर्यंत तीपैकी सु. १०·४ कोटी एकर, म्हणजे निम्म्याहून कमी, उरली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर उपनगरांची झपाट्याने वाढ झाली आणि कोरडी, उंचवट्याची जमीन संपत आल्यावर घरबांधणी सखल भागांकडे वळली. ऑगस्ट १९५५ मध्ये चक्रीवादळानंतर न्यू इंग्लंडमध्ये आलेल्या महापुराने या वाढीची किंमत लोकांच्या ध्यानी आणून दिली.

मॅसॅचूसेट्समधील विधिविधान : इप्सविच नगरात सुरू झालेल्या प्रयत्नांतून १९५७ मध्ये राज्याने एक लहानसा कायदा केला. त्यान्वये कोणत्याही नगराला आपल्या हद्दीतील निसर्गसंपत्तीच्या रक्षणासाठी संधारण आयोग नेमण्याची मुभा मिळाली. आयोगाचे तीन ते सात सभासद नगरातील रहिवासी असून ते विनावेतन काम करतात. आरंभी या आयोगांना जमिनींची नोंद ठेवणे, नकाशे करणे व संरक्षणासाठी जमीन मिळविणे एवढेच अधिकार होते. तथापि आपल्या गावातील ओढे, दलदली व झरे यांची माहिती असणारी एक अधिकृत संस्था गावोगाव तयार झाली, हे या कायद्याचे महत्त्वाचे फलित होय.

यानंतर १९६३ मध्ये जोन्स अधिनियमाने समुद्रकाठच्या आणि १९६५ मध्ये हॅच अधिनियमाने अंतर्भागातील पाणथळींत भराव घालणे, उत्खनन करणे वा गाळ उपसणे यांपूर्वी नगराला व राज्याला लेखी सूचना देणे बंधनकारक केले. जोन्स अधिनियम हा अ. सं. सं.तील या प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. हे दोन्ही अधिनियम एकत्र करून १९७२ मध्ये पाणथळ संरक्षण अधिनियम करण्यात आला आणि सुनावणी घेऊन अटी घालण्याचे काम प्रथमतः स्थानिक संधारण आयोगाकडे सोपविण्यात आले. राज्याकडे नियम करण्याचे व अपील ऐकण्याचे काम राहिले.

या अधिनियमाचा रोख पाणथळीच्या सौंदर्यावर नसून तिच्या कार्यावर आहे. सार्वजनिक व खाजगी पाणीपुरवठा, भूजलाचा साठा, पूर-नियंत्रण, वादळी हानीस प्रतिबंध, प्रदूषणास प्रतिबंध, शिंपल्यांची भूमी व मत्स्यव्यवसाय ही हिते त्यात नमूद होती. वन्यप्राण्यांच्या अधिवासाची भर १९८६ मध्ये पडली. आयोगाला घालावयाची प्रत्येक अट यांपैकी कोणत्या तरी हिताशी जोडून दाखवावी लागते. निव्वळ ‘येथे घरे नकोत’ या भावनेला कायद्यात स्थान नाही. नदीकाठच्या भूमीसाठी १९९६ मध्ये वेगळा कायदा होऊन बहुतेक ठिकाणी नदीच्या दोन्ही बाजूंस २०० फूट रुंदीचा पट्टा संरक्षणाखाली आला.

सीमा-निश्चिती : पाणथळ ओळखण्यासाठी पाणी दिसलेच पाहिजे असे नाही, उन्हाळ्यात अनेक पाणथळी वरून कोरड्या असतात. म्हणून पाण्याने मागे ठेवलेल्या खुणा वाचाव्या लागतात. पहिली खूण वनस्पतींची. रेड मेपल, पाणकणीस, लव्हाळ्याच्या जाती व शेवाळ यांसारख्या ओलावा सोसणाऱ्या सूचक वनस्पतींचे प्रमाण निम्मे किंवा त्याहून अधिक असेल, तर ती जागा पाणथळ समजावी, असा मॅसॅचूसेट्सचा मूळ निकष आहे. दुसरी खूण मृदेची. दीर्घकाळ पाण्याखाली राहिलेल्या मृदेत हवा पोहोचत नाही व लोहाची संयुगे क्षपणामुळे आपला तांबूस रंग गमावतात. परिणामी मृदा करडी दिसते आणि हवा अधूनमधून पोहोचते तेथे गंजाच्या रंगाचे ठिपके उमटतात. हातगिरमिटाने मातीचा नमुना काढून त्याचा रंग प्रमाणित रंगपट्टीशी ताडून पाहतात. झाडे तोडून टाकलेल्या जागी मृदेची ही साक्ष विशेष उपयोगी पडते. कारण वनस्पती नाहीशा करता येतात, पण मृदेचा रंग लवकर बदलत नाही. तिसरी खूण जलस्थितीची, म्हणजे खोडांवरील पाण्याच्या रेषा, वाहून आलेला पाचोळा, भूजलाची पातळी इत्यादी. संघराज्याच्या लष्करी अभियंता दलाने १९८७ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत सामान्यतः या तिन्ही खुणा आवश्यक मानल्या आहेत. मॅसॅचूसेट्सनेही १९९५ मधील मार्गदर्शिकेत वनस्पतींच्या जोडीला मृदा व जलस्थिती यांच्या पुराव्याला स्थान दिले.

मालकाने नेमलेला तज्ज्ञ जागेवर क्रमांकित फिती बांधून सीमा दाखवितो. भूमापक ती आराखड्यावर उतरवितो आणि आयोगाचे सभासद जागेवर जाऊन तिची पडताळणी करतात. फीत चारसहा हात इकडेतिकडे झाली, तरी एखाद्या भूखंडावर घर बसते किंवा बसत नाही. त्यामुळे या नियमांतील सर्वांत मोठे वाद तत्त्वांविषयी नव्हेत, तर फितींविषयी होतात. पाणथळीच्या कडेपासून १०० फूट अंतरापर्यंत संरक्षक पट्टा मानला जातो. त्यात बांधकाम सरसकट निषिद्ध नाही, परंतु आयोगाकडे आधी जावे लागते.

कार्यपद्धती : बांधकाम करू इच्छिणारा मनुष्य आराखड्यासह ‘हेतुसूचना’ दाखल करतो व लगतच्या मालमत्ताधारकांना कळवितो. एकवीस दिवसांत जाहीर सुनावणी व ती संपल्यावर एकवीस दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. ‘अटींचा आदेश’ हा त्या निर्णयाचा सर्वसाधारण प्रकार होय. मातीची धूप रोखण्यासाठी आडोसे उभारणे, सांडपाण्याची व पावसाच्या पाण्याची व्यवस्था, भरावाची मर्यादा इ. अटी त्यात असतात. हा आदेश जमिनीच्या दस्तऐवजांच्या नोंदणी कार्यालयात नोंदविल्याखेरीज काम सुरू करता येत नाही. त्यामुळे पुढे जमीन विकत घेणाऱ्यालाही अटींची माहिती होते. निर्णय अमान्य असल्यास मालक, शेजारी, बाधित व्यक्ती किंवा नगरातील कोणतेही दहा रहिवासी राज्याच्या खात्याकडे दाद मागू शकतात. सामान्य नागरिकांच्या लहान गटाला दिलेला हा अधिकार या व्यवस्थेचे वैशिष्ट्य होय. काठाची पाणथळ थोड्या प्रमाणात, सामान्यतः ५,००० चौ. फुटांपर्यंत, नष्ट करण्यास परवानगी देता येते. परंतु तेवढ्याच क्षेत्राची नवी पाणथळ तयार करून द्यावी लागते. चालू शेतीच्या नेहमीच्या कामांना सवलत आहे.

न्यायालयीन निर्णय : खाजगी मालमत्ता सार्वजनिक उपयोगासाठी घेतल्यास योग्य भरपाई दिली पाहिजे, असे अमेरिकन संविधान सांगते. जमीन प्रत्यक्ष न घेता केवळ नियमाने तिचा उपयोग रोखला, तर ते ‘घेणे’ ठरते काय, हा प्रश्न स्थानिक नियमांच्या मुळावर येणारा होता. डक्सबरी नगरातील खाऱ्या दलदलीच्या प्रकरणात मॅसॅचूसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये नगराविरुद्ध निर्णय दिला. जमीन नैसर्गिक अवस्थेतच राहावी एवढ्यासाठी, भरपाई न देता, परवानगी नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय होता. दोनच वर्षांनी डेडम नगराच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने नगराची बाजू उचलून धरली. तेथील सु. ६२ एकर सखल जमीन पूरमैदान-विभागात घालण्यात आली होती व त्यामुळे तिचे मोल ४,३१,००० डॉलरवरून ५३,००० डॉलरवर आल्याचा पुरावा मालकाने पुढे केला होता. तथापि पुरापासून जीवित व वित्त यांचे रक्षण हा नियमाचा खरा हेतू असल्याने तो वैध ठरला. दोन निर्णयांतील अंतर हेतूचे आहे : निसर्ग जसाच्या तसा राखण्याची इच्छा पुरेशी ठरली नाही, परंतु इतरांची हानी टाळण्याचे कारण पुरेसे ठरले. १९७२ च्या अधिनियमात हितांची यादी का आहे, याचा उलगडा यावरून होतो.

त्याच वर्षी विस्कॉन्सिन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मॅरिनेट परगण्याच्या प्रकरणात आणखी पुढचे पाऊल टाकले. परगण्याच्या १९६७ मधील सरोवरकाठविषयक नियमांनुसार परवाना न घेता काठच्या पाणथळीत भराव घालण्यात आला होता. जी जमीन निसर्गतः ज्या उपयोगास योग्य नाही, त्या उपयोगासाठी तिचे मूळ स्वरूप इतरांच्या हक्कांना बाध येईल अशा रीतीने पालटण्याचा अनिर्बंध अधिकार मालकाला नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १९७९ मध्ये डेनिस नगराच्या प्रकरणात, राज्याच्या कायद्याहून कडक असे पाणथळविषयक उपविधी नगर आपल्या स्वायत्त अधिकारात करू शकते, हे मॅसॅचूसेट्समध्ये मान्य झाले. त्यानंतर अनेक नगरांनी नदीनाल्यांशी न जोडलेल्या पाणथळी व वसंतऋतूत भरणारी हंगामी डबकी यांना आपल्या उपविधींच्या कक्षेत आणले. याउलट अ. सं. सं.च्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील एका प्रकरणात नियमामुळे जमिनीचा सर्व आर्थिक उपयोग नाहीसा झाल्यास सामान्यतः भरपाई द्यावी लागेल, असे सांगून मर्यादाही स्पष्ट केली.

चार्ल्स नदीचे उदाहरण : पाणथळी राखणे हा भावनेपेक्षा हिशेबाचा प्रश्न आहे, हे बॉस्टनला मिळणाऱ्या चार्ल्स नदीने दाखवून दिले. १९५५ व १९६८ च्या पुरांच्या अभ्यासात असे आढळले की, नदीच्या वरच्या व मध्यभागातील विस्तृत दलदली पुराचे पाणी धरून ठेवतात व ते दिवसेंदिवस हळूहळू सोडतात. धरणे व भिंती यांऐवजी या दलदलीच कायम राखाव्यात, अशी शिफारस लष्करी अभियंता दलाने १९७२ मध्ये केली. काँग्रेसने १९७४ मध्ये योजनेस मान्यता दिली आणि १९८३ पर्यंत १७ ठिकाणची सु. ८,१०० एकर भूमी खरेदीने किंवा पाणी साचू देण्याचे हक्क मिळवून संरक्षित करण्यात आली. बांधकामाच्या पर्यायापेक्षा हा खर्च फारच थोडा होता. उरलेल्या पाणथळींचे रक्षण मात्र नगरांच्या नियमांवरच अवलंबून राहिले.

इतर राज्ये : कनेक्टिकटने १९७२ च्या अधिनियमात वनस्पतींऐवजी मृदेचा निकष स्वीकारला. निचरा न होणाऱ्या व अत्यल्प होणाऱ्या, तसेच गाळाच्या व पूरमैदानी मृदा म्हणजे पाणथळ, अशी ही व्याख्या असून अंमलबजावणी नगरांच्या आयोगांकडे आहे. न्यूयॉर्कने १९७५ मध्ये नकाशांचा मार्ग पत्करला व सामान्यतः १२·४ एकरांहून मोठ्या पाणथळी नकाशांवर दाखविल्या. मालकाला आधीच माहिती मिळणे हा नकाशाचा गुण, तर लहान पाणथळी निसटणे हा त्याचा दोष होय. मिनेसोटाने १९९१ मध्ये पाणथळींच्या एकूण क्षेत्रात घट होऊ न देण्याचे धोरण स्थानिक शासनांमार्फत राबविण्यास प्रारंभ केला. वॉशिंग्टन राज्याने १९९० च्या वाढ-व्यवस्थापन अधिनियमान्वये पाणथळींसह सर्व नाजूक क्षेत्रे ठरवून त्यांचे रक्षण करण्याचे कर्तव्य नगरे व परगणे यांच्यावर टाकले.

मर्यादा : आयोगाचे सभासद बहुधा वकील, अभियंता वा वनस्पतिशास्त्रज्ञ नसतात, तर त्यांच्यासमोर येणारा विकासक तज्ज्ञांसह येतो. लहान नगरांत ओळखीपाळखीचे दडपणही असते. नष्ट झालेल्या पाणथळीच्या मोबदल्यात नवी तयार करण्याची अट कागदोपत्री समाधानकारक वाटते. परंतु मॅसॅचूसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक प्रकल्पांत ती नियमांनुसार पाळली गेली नसल्याचे व काही ठिकाणी नवी पाणथळ तयारच केली नसल्याचे आढळले. पाणथळ तयार करणे हे खड्डा खणण्यापेक्षा अवघड आहे आणि काम संपल्यावर तेथे पुन्हा जाऊन पाहणारा मनुष्य लागतो.

असे असूनही स्थानिक नियमांचे महत्त्व वाढले आहे. १९७२ च्या संघीय जलप्रदूषणविषयक अधिनियमाची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००१, २००६ व विशेषतः २०२३ च्या निर्णयांनी संकुचित झाली. स्थायी स्वरूपाच्या जलाशयांशी पृष्ठभागावरून सलग जोडलेल्या पाणथळीच आता संघीय संरक्षणास पात्र आहेत. जेथे राज्याचे व नगराचे स्वतंत्र नियम आहेत, तेथे संरक्षण टिकले. जेथे ते नाहीत, तेथे अनेक पाणथळी एका निर्णयासरशी उघड्या पडल्या.

भारतातील परिस्थिती : भारत १९८२ मध्ये पाणथळविषयक रामसर करारात सामील झाला. केंद्र शासनाने २०१० मध्ये व त्याऐवजी २०१७ मध्ये पाणथळविषयक नियम केले. २०१७ च्या नियमांन्वये राज्य पाणथळ प्राधिकरणे स्थापन झाली. अधिसूचित पाणथळींत भराव, अतिक्रमण, कचरा टाकणे इ. गोष्टी निषिद्ध असून गेल्या दहा वर्षांतील सरासरी पूररेषेपासून ५० मी. आत कायम बांधकामास बंदी आहे. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ व २०१८ च्या आदेशांनी खारफुटीभोवतीही ५० मी.चा संरक्षक पट्टा मानला जातो. येथे मॅसॅचूसेट्सच्या शंभर फुटांशी साम्य दिसते. परंतु अधिकाराची वाटणी वेगळी आहे. ओळख, अधिसूचना व नियमन ही कामे मुख्यतः राज्य व केंद्र यांच्या पातळीवर चालतात. राष्ट्रीय मानचित्रसंग्रहात २·२५ हेक्टरांहून मोठ्या पाणथळींच्या सीमा आखलेल्या आहेत; त्याहून लहान पाणथळी केवळ बिंदूंनी दाखविल्या आहेत. गावच्या महसुली दप्तरात पाणथळ बहुधा त्या नावाने येत नाही. ती पोटखराबा, गायरान वा खाजण अशा नोंदींत दडलेली असते. किनाऱ्यावरील खारभूमी तर महाराष्ट्राच्या १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमान्वये भरतीच्या पाण्यापासून सोडवून लागवडीखाली आणण्याची भूमी मानली गेली आहे. संविधानातील १९९२ च्या दुरुस्त्यांनी जलव्यवस्थापन ग्रामपंचायतींच्या व पर्यावरणरक्षण नगरपालिकांच्या कार्यकक्षेत येऊ शकते, असे सूचित केले आहे. बांधकाम-परवानगीच्या वेळी पाणथळीची कड जागेवर जाऊन तपासणारी संस्था मात्र बहुतेक गावांत नाही.

मॅसॅचूसेट्सच्या इतिहासावरून असे दिसते की, पाणथळीचे रक्षण कायद्याच्या कडकपणाइतकेच तिची सीमा कोण व कशी पाहतो, यावर अवलंबून असते. राज्याचा कायदा, न्यायालयाने मान्य केलेले कारण आणि गावातच राहणारा, ऋतुमानानुसार ती भूमी पाहिलेला नागरिक या तिहींचा मेळ जेथे बसला, तेथे भरावाची गाडी येण्यापूर्वी प्रश्न विचारला गेला. हा मेळ नसेल, तर पाणथळ असल्याची पहिली नोंद बहुधा तिच्यावर बांधलेल्या घरात पाणी शिरल्यावरच होते.